मीटर हिरवाच होता

आमचा प्लांट निपाणी-चिकोडी पट्ट्यातला, साखर कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी, नाव घेत नाही. मी सेफ्टीला. डिस्टिलरी म्हटलं की लोकांना आगीची भीती वाटते, ती आहेच, पण माझी झोप उडते ती फर्मेंटरमुळं, म्हणजे आंबवायच्या टाकीमुळं. मोलॅसिस (मळी) आणि यीस्टपासून अल्कोहोल जेवढं होतं ना, वजनानं जवळपास तेवढाच सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पण तयार होतो, हवेच्या दीडपट जड, टाकी रिकामी केली तरी तळाला पाण्यासारखा बसून राहतो. वास नाही, रंग नाही.

सीझनचे शेवटचे दिवस होते. तीन नंबरचा फर्मेंटर धुवून रिकामा केलेला, आत कॉइलवर थर बसलेला तो खरवडायचा होता. सकाळी मी स्वतः आत उतरायचं परमिट दिलं, मीटरवर वर, मध्ये, तळाला तिन्हीकडं ऑक्सिजन २०.९ टक्के, आत हवा मारणारा ब्लोअर चालू, हार्नेस, दोरी, मॅनहोलपाशी स्टँडबायला, म्हणजे आतल्यांवर नजर ठेवायला, मामा. कंत्राटदाराची दोन पोरं जेवणापर्यंत आत काम करून बाहेर आली, काही त्रास नाही.

जेवून परत आलो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, दोन मिनिटं कळेचना, मग लक्षात आलं की ब्लोअरचा आवाजच नाही. कुणीतरी वेल्डिंगसाठी बोर्ड पाहिजे म्हणून प्लग काढून घेऊन गेलेलं! पोरं हार्नेस घालून तयार, एकाचा पाय मॅनहोलमध्ये, तेवढ्यात मामा ओरडले, "ए, तडी! इळीबेड!" (थांब, उतरू नको!) कन्नडमध्ये, कारण ते पोरगं कन्नड, आणि आमचं परमिट छापलेलं इंग्लिशमध्ये, त्यावर सही करणाऱ्यातल्या निम्म्यांना ते वाचता येत नाही, हा वेगळाच विषय आहे.

मीटरची नळी परत खाली सोडली. वर २०.९. तळाला २०.१. मीटर गप्प, दिवा हिरवा, कारण अलार्म १९.५ ला वाजतो.

प्रॉडक्शनचे साहेब आले. "एकोणीस पाचच्या वर आहे की ओ, सोडा की पोरांना, रात्री बॅच घ्यायचीय."

खरं सांगतो, पेन हातात होतं. नियमाप्रमाणं बघितलं तर साहेबांचं बरोबर होतं. पण सकाळी तिथंच २०.९ होतं, मग हे पॉइंट आठ गेलं कुठं? मामा शेजारी उभे होते, म्हणाले, "सायेब, हरिपूरला आमच्या पावण्यांची हळदीची पेवं हुती, जमिनीखाली. पेव उघडलं की लगेच कोण उतरत नव्हतं, आधी कंदील सोडायचा, इझला तर दुसऱ्या दिवशी. हितं बी कंदील सोडा की."

म्हटलं मामा, इथं अल्कोहोलची वाफ हवेत साडेतीन टक्के जरी असली तरी कंदिलाबरोबर आपण सगळेच वर जाऊ. हसले. पण त्यांच्या बोलण्यानं माझं डोकं चालू झालं. आमचा मीटर चार गॅसचा, त्यात सीओटूचा सेन्सरच नाही! तो फक्त ऑक्सिजन कमी झाला एवढंच सांगतो. आता हवेत चार टक्के सीओटू मिसळला तर ऑक्सिजन किती उतरेल? २०.९ चे शहाण्णव टक्के, म्हणजे २०.१ च्या आसपास. आणि चार टक्के सीओटू म्हणजे जिवाला धोका धरतात ती पातळी. अलार्म वाजायच्या १९.५ पर्यंत यायला सीओटू जवळपास सात टक्के व्हावा लागतो. म्हणजे मीटर हिरवा आणि माणूस आडवा.

लॅबच्या कपाटात डिटेक्टर ट्यूब होत्या त्या आणल्या, तळाची हवा ओढली, पांढरी ट्यूब चारच्या पुढं जांभळी होत गेली. साहेबांनी ती हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ बघितलं, आणि काही न बोलता पोरांना हार्नेस काढायला लावला. अर्ध्या तासानं परत बघितलं तर तळाला १८.४, मीटर ठणाणा वाजायला लागलेला.

रिकाम्या टाकीत गॅस आला कुठून? सगळ्या फर्मेंटरची सीओटू लाइन एकाच हेडरला, म्हणजे सामायिक पाइपला, शेजारचा चार नंबर जोरात चाललेला, आणि तीनचा व्हॉल्व्ह बंद असून पासिंग, म्हणजे आतून गळणारा. सकाळी ब्लोअर सगळं उडवून लावत होता म्हणून रीडिंग चांगलं दिसलं. लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, टाकायला पाहिजे होती, मी व्हॉल्व्ह बंद बघून टिक केलं होतं. फॅक्टरी ॲक्टच्या (२०२५ पर्यंत लागू होता) कलम ३६ मध्ये असल्या टाकीत उतरायच्या आधी काय काय करायचं ते लिहिलं होतं, मला पाठ आहे, तरी टिक केलं.

दुसऱ्या दिवशी ब्लाइंड टाकून काम झालं, दोन तासांत. परमिटवर कन्नड आणि मराठी ओळी मी स्वतः टाइप करून घातल्या. सीओटू मीटरची इंडेंट (खरेदीची मागणी) मात्र तिसऱ्यांदा परत आलीय, शेरा आहे 'सध्याचा मीटर चालू असताना दुसरा कशाला'. मामांना दाखवली तर म्हणाले, "मग कंदीलच मागा."