मुकादम, हजान, शमाश आणि बाकीचे सगळे

मंगळवार, रात्री उशिरा

आम्हा बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, एलुल महिना चालू आहे आणि यंदा त्यातच गणपती बसलेत. पहाटे पप्पांना घेऊन सलिहोथच्या प्रार्थनेला निघाले, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मंडपातले कार्यकर्ते खुर्च्या जोडून गाढ झोपले होते. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात मात्र तिथली देखभाल करणारे शमाशकाका आंघोळ उरकून, पांढरा सदरा घालून दिव्यांपाशी उभे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सोडला तर हा महिनाभर आमच्याकडे रोज पहाटे क्षमायाचनेची प्रार्थना असते. ती वेळेवर सुरू व्हायची तर कुणीतरी सगळ्यांच्या आधी उठायला हवं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे कित्येक वर्षं काकाच.

आज मी मुद्दाम थांबून बघत राहिले. काचेच्या पेल्यात आधी निम्म्यापर्यंत पाणी, त्यावर अलगद तेल, मग तारेत अडकवलेली वात. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते आणि आपली आपण विझते, पेला तडकत नाही. प्रत्येक पेला ते आधी फडक्याने पुसतात, उजेडाकडे धरतात, डाग दिसला तर पुन्हा पुसतात. तेव्हा बघायला कुणी नसतं. विजेचे दिवे आहेत, पण हेखालसमोरचा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटासमोरचा, दिवा तेलाचाच हवा हा त्यांचा हट्ट, आणि कुठल्याच कमिटीने तो मोडला नाही. "लोक नवसाचे तेलाचे पैसे देतात ना, मग तेलच जळायला हवं," एवढंच त्यांचं म्हणणं.

आज मिन्यान भरेना. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नऊच होते. सिनेगॉगचा कारभार बघणारे मुकादम फोन घेऊन अंगणात गेले. त्यांच्या फोनमध्ये अशा वेळची एक यादी आहे: कोण जवळ राहतो, कोण रात्रपाळीवरून आत्ता सुटला असेल, कुणाच्या मुलाची बार मित्झ्वा नुकतीच झाली आहे, म्हणजे तेरा पूर्ण होऊन तोही मोजला जाऊ लागला आहे. तिसऱ्या फोनला एक कॉलेजचा मुलगा उठला. दहा मिनिटांत चपला फटफटवत आला, खिशातून किप्पा काढून डोक्यावर ठेवला आणि मागच्या बाकावर बसला. प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी लगेच सुरुवात केली. मी काही त्या दहांत मोजली जात नाही, पण दहाव्याची वाट बघताना माझाही जीव टांगणीला लागतो. तो आल्यावर मुकादमांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला ते फार आवडलं. पोरगं उद्या न बोलावता येईल.

घरी आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, की आमचा समाज टिकला तो अशाच माणसांमुळे. बेने इस्रायलांकडे पिढ्यान्‌पिढ्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. लग्नं, सुंता, मलिदा (पोहे-गुळाच्या प्रसादाचा विधी) हे सगळं झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतले काजी गावोगाव फिरून पार पाडत. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, तेही कुणा धर्मपंडिताने नाही बांधलं, फौजेत नोकरी केलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटून आलेला माणूस. पुढे सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, मिळवायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले असं आमच्याकडे सांगतात.

आणि शेलोमो सालेम शुराबी. ते मूळचे कोचीनचे. मुंबईतल्या नव्या सिनेगॉगचं हजानपण त्यांनी केलं, वर्षाला शंभर रुपयांवर. महिन्याला नाही, वर्षाला! पोटासाठी ते पुस्तकांची बांधणी करायचे. १८५६ साली वारले तोपर्यंत आमच्या लोकांना प्रार्थना शिकवत राहिले. लहानपणी आजीकडून ऐकलं तेव्हा ही मला एक गोष्ट वाटायची. आता आमच्या हजानांकडे बघते तेव्हा वाटतं, यात गोष्टीसारखं काहीच नाही, हे अजून तसंच चाललंय.

आमचे हजान दिवसा नोकरी करतात. शुक्रवारी लवकर सुटता यावं म्हणून इतर दिवशी उशिरापर्यंत थांबतात. शब्बाथच्या आधी येऊन सेफेर तोरा त्या आठवड्याच्या पराशापर्यंत, म्हणजे वाचायच्या भागापर्यंत, गुंडाळून ठेवतात, म्हणजे सकाळी लोकांना ताटकळावं लागत नाही. कोंबडी कापायची असली की लोक त्यांनाच बोलावतात, कारण शोहेतचं कामही तेच करतात. मुलांना हिब्रू अक्षरं शिकवतात. ज्या मुलाचा घसा बसतो त्याच्यासाठी सूर खाली आणून पुन्हा म्हणतात, आणि पुन्हा. दरफाळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरला, अन्नपाण्याशिवाय दिवसभर उभं राहून त्यांचा आवाज संध्याकाळच्या नईलाला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, जसा लागतो, तसा वर्षात कधी लागत नाही.

मुकादमपद मानाचं, असं म्हणतात. मान असेलही, पण माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या फायली. आमचं सिनेगॉग हा सार्वजनिक न्यास. म्हणजे दर वर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे, विश्वस्त बदलला की बदल अर्ज करायचा, त्यासाठी खेपा घालायच्या. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणूस शोधायचा. बायकांच्या गॅलरीच्या जिन्याला वाळवी लागली तेव्हा मुकादम स्वतः सुताराबरोबर वाकून प्रत्येक पायरी ठोकून बघत होते. २००८ च्या नोव्हेंबरनंतर फाटकावर पोलीस असतो. त्याला बसायला जागा, प्यायला पाणी, सणाच्या दिवशी किती माणसं येणार याचं पत्र पोलीस ठाण्याला, हेही त्यांच्याकडेच. या सगळ्याचा त्यांना एक पैसाही मिळत नाही. मिळतात त्या तक्रारी: पंखा आवाज करतो, प्रार्थना लांबली, मलिद्यात खजूर कमी पडले. मला वाटतं, आपल्या माणसाला नावं ठेवणं हा आपल्याला हक्कच वाटतो. शाबासकी द्यायची मात्र राहून जाते.

चौगुला (मुकादमांचे मदतनीस) आणि गबाई (खजिनदार) यांच्याबद्दल एवढंच लिहिते, की गबाईंच्या वहीत आजवर एका रुपयाचा घोळ निघालेला नाही, आणि ज्या घरात अडचण आहे त्या घरी सणाआधी पाकीट पोचतं ते कुणी पोचवलं हे मलाही माहीत नाही. माहीत नसावं अशीच त्यांची इच्छा आहे.

सेक्रेटरीताईंबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. गेल्या महिन्यात इस्रायलमधल्या अश्दोदहून एका मुलीचं पत्र आलं. लग्न ठरलंय, तिथे ज्यू असल्याचा कागद मागतात, पणजी-पणज्यांचं लग्न आमच्या सिनेगॉगमध्ये लागलं होतं असं घरात म्हणतात, काही मिळेल का? ताईंनी नाकाला फडकं बांधून लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणातली वही काढली तर पानं एकमेकांना चिकटलेली. त्या पातळ पट्टीने एकेक पान सोडवत गेल्या. मी टॉर्च धरून बसले होते. बाळबोध अक्षर, शाई तपकिरी पडलेली, वराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, साक्षीदारांच्या सह्या, एका साक्षीदाराचा नुसता अंगठा. दुसऱ्या संध्याकाळी ते पान सापडलं. ताई मोठ्याने वाचत होत्या आणि वाचता वाचता थांबल्या, कारण साक्षीदारांत त्यांच्याच आजोबांचं नाव होतं.

या वह्यांची किंमत आमच्या लोकांनी मोजलेली आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांशी लग्नं लावायला तिथल्या धर्मपीठाने खळखळ केली होती, आमचं ज्यूपण तपासायला हवं म्हणे. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ साली सरकारने आम्ही सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहोत असं जाहीर केलं तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. म्हणून कोकणातल्या, पुण्यातल्या, मुंबईतल्या कुठल्या तरी सेक्रेटरीने शंभर वर्षांपूर्वी एक ओळ नीट लिहून ठेवणं ही लहान गोष्ट नाही. अश्दोदच्या मुलीला ताईंनी पत्र, शिक्का आणि त्या पानाचा फोटो पाठवला. खाली मराठीत लिहिलं: सुखाचा संसार कर, आणि मलिदा करायला विसरू नकोस.

बुधवार, संध्याकाळ

काल खूप लिहिलं तरी स्वयंपाकघर राहिलंच. किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत करणाऱ्या मावश्या नसत्या तर आमचा शुक्रवार झालाच नसता. काळ्या मनुका निवडून, धुऊन आदल्या रात्री भिजत घालायच्या. सकाळी फुगल्या की हाताने कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या, चोथ्यात पाणी घालून पुन्हा एकदा. मिक्सर आहे, पण मोठ्या मावशी म्हणतात बी वाटली गेली की सरबताला तुरटपणा येतो. खरंच येतो. मी दोन्ही चाखलंय. त्यांचे हात जांभळट होतात, आणि तसेच ते हात नंतर डोक्यावर पदर घेऊन प्रार्थनेला जोडले जातात. मलिद्याचे पोहे भिजवणं, नारळ खवणं, गूळ मोजणं, एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) ताटात फळं नीट मांडणं, सगळं त्याच करतात. कमिटीत आता दोन बायका आहेत. आणखी यायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक काम आहे, त्याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही. आई गेली तेव्हा रात्री साडेअकराला तीन बायका दारात उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीचं नावही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला त्यांनी काहीही विचारलं नाही. चहाही घेतला नाही. पाणी कोमट केलं, दार लोटलं, आणि आईला अंघोळ घातली. आतून त्यांचा हळू आवाजातला पाठ ऐकू येत होता. कफन त्यांनीच शिवून आणलं होतं, गाठ न मारता. दुसऱ्या दिवशी वरळीला डॉ. ई. मोझेस रोडवरच्या कब्रस्तानात पुरुषांनी पुढचं केलं. (आमचेच डॉक्टर मोझेस, १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले.) मेलेल्या माणसाची केलेली सेवा ही सगळ्यात खरी सेवा मानतात, कारण त्याची परतफेड ते माणूस करू शकत नाही. पण मी तर आहे ना. त्या तिघींपैकी दोघींना मी नीट भेटून बोलले. तिसऱ्या आता इस्रायलला असतात, त्यांना आज पत्र लिहिलं.

आणि शेजारचे भाई. सिनेगॉगच्या भिंतीला लागून त्यांचं घर. शब्बाथला आम्ही दिवापंखा लावत नाही, म्हणून बटणं त्यांच्याकडे, हे त्यांच्या वडलांपासून चालत आलंय. रमजानमध्ये त्यांचा उपास असतो तेव्हाही शुक्रवारी संध्याकाळी ते आधी इकडे येऊन जातात. सुट्टीवर गावाला गेले तर मुलाला बजावून जातात.

शब्बाथच्या सकाळी म्हणायचा एक जुना आशीर्वाद ज्यू प्रार्थनेत आहे. दिव्यासाठी तेल देणारे, किद्दुशसाठी द्राक्षरस देणारे, वाटसरूला भाकर आणि गरिबाला दान देणारे, आणि समाजाच्या कामात प्रामाणिकपणे गुंतलेले सगळे, यांचं देव भलं करो, त्यांचं आजारपण दूर करो, त्यांच्या हातच्या कामाला यश देवो. कुणी लिहिला असेल तो लिहिला, पण त्याला सिनेगॉग कसं चालतं हे बरोबर माहीत होतं. त्यात कुणाच्या विद्वत्तेचा उल्लेख नाही. तेल आहे, भाकर आहे.

तरी देवाने भलं करावं म्हणून आपण मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. मुकादम, गबाई, मावश्या आपखुशीने करतात, त्यांना प्रेमाने दोन शब्द पुरतील. पण शमाशकाका पगारी माणूस आहेत, आणि त्यांचा पगार बघून मला वाईट वाटलं. गुडघे दुखतात, तरी गॅलरीचा जिना दिवसातून चार वेळा चढतात. सलग आठवडाभर रजा त्यांनी शेवटची कधी घेतली हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नाही. मुंबईत आमची माणसं उरलीत थोडी, जी आहेत त्यातली बरीच ठाण्याला, कल्याणला, डोंबिवलीला गेली, वर्गणी आटली, हे सगळं मला समजतं. तरी लग्नाच्या हॉलवर आपण खर्च करायचा तेवढा करतोच की.

रविवारी वार्षिक सभा आहे. ठराव लिहून ठेवलाय: काकांच्या पगारात वाढ, त्यांच्या आणि काकूंच्या नावे आरोग्यविमा, सणांचा मोसम आटोपला की पंधरा दिवस पगारी रजा, आणि त्या दिवसांत त्यांचं काम कोण करणार यांची नावं. विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता पप्पा देणार आहेत. रजेतल्या दिवसांसाठी सात नावं मिळाली, त्यात कालचा तो कॉलेजचा मुलगाही आहे.

आत्ता मुकादमांना फोन करून मजकूर वाचून दाखवला. ते मध्ये काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "कब्रस्तानाच्या रखवालदाराचं नाव राहिलं बघ, त्याचाही विमा घाल. अनुमोदन मी देतो." रखवालदाराचं नाव दुसऱ्या ओळीत घातलं.