आटे पाडण्याआधीचे भोक

पंपाच्या बिडाच्या बॉडीवर झाकण बसवण्यासाठी चार ठिकाणी एम६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक बोल्टचे, आटे (बोल्ट ज्यात फिरून बसतो त्या खाचा) पाडायचे होते. पाच मिलिमीटरचे ड्रिल बोथट झाले होते आणि धार लावण्याइतकी सवड नव्हती, म्हणून मी हाताशी असलेले ४.८ चे ड्रिल लावले. दोन दशांश मिलिमीटरने काय बिघडणार, असे मला वाटले. पहिली तीन भोके जड हाताने का होईना, पार पडली. चौथ्यात टॅप, म्हणजे आटे कापायचे हत्यार, आत जाताना हँडल घट्ट होत गेले, मी ते मागे फिरवण्याऐवजी पुढे रेटले आणि टॅप पृष्ठभागाच्या खालीच तुटला. काम ग्राहकाचे होते आणि चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून आट्यांसाठी कोणते ड्रिल घ्यायचे हे मी सवयीने ठरवत नाही, दर वेळी नव्याने विचार करून ठरवतो.

मेट्रिक आट्यांसाठीचा नियम सोपा आहे: बोल्टच्या व्यासातून पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, वजा केली की ड्रिलचा व्यास मिळतो. एम६ ची पिच १ मिलिमीटर, म्हणून ड्रिल ५.०, एम८ ची १.२५, म्हणून ६.७५, म्हणजे जवळचे ६.८, एम१० ची १.५, म्हणून ८.५. भिंतीवरच्या तक्त्यात हेच आकडे असतात. मात्र तक्ता एक गोष्ट सांगत नाही, ती अशी की हा आकडा म्हणजे एक तडजोड आहे. आट्याची पूर्ण उंची पिचच्या सुमारे ०.६५ पट धरली, तर या नियमाने पाडलेल्या भोकात आट्यांची उंची सुमारे ७७ टक्केच भरते, आणि ती मुद्दामच तेवढी ठेवलेली असते. आटे शंभर टक्के भरले तरी ताकद अगदी थोडी वाढते, कारण बोल्टवरचा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही आणि पहिलाच आटा सुमारे एक तृतीयांश भार पेलतो. टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र कितीतरी पटींनी वाढतो. माझ्या ४.८ च्या भोकात आटे ९२ टक्क्यांच्या पुढे गेले होते. एम६ च्या आतल्या आट्यांचा लहान व्यास, म्हणजे समोरासमोरच्या आट्यांच्या टोकांमधले अंतर, ठरलेल्या मानकानुसार ४.९२ ते ५.१५ मिलिमीटरच्या दरम्यान असायला हवा. म्हणजे ते भोक मुळातच मर्यादेबाहेरचे होते, आणि एवढा सगळा धातू त्या बारीक टॅपने कापावा अशी माझी अपेक्षा होती.

या मर्यादेच्या आत कुठे थांबायचे, हे धातू ठरवतो. बिडात आणि साध्या पोलादात मी ५.० वरच राहतो. स्टेनलेस स्टील कापताना कडक होत जाते, तिथे ५.१ घेतो, आटे ६९ टक्के भरतात आणि टॅप वाचतो. ॲल्युमिनियम मऊ असते, त्यात भोक मोठे करून चालत नाही, आटेही जास्त लांबीपर्यंत लागतात. पोलादात बोल्टच्या व्यासाइतकी पकड पुरते, बिडात दीडपट आणि ॲल्युमिनियममध्ये दुप्पट ठेवावी. वंगणही धातूप्रमाणे बदलते: पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, आणि बिडात कोरडेच. हँडल अर्धा फेरा पुढे गेले की पाव फेरा मागे घ्यावे, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो.

ड्रिलवर कोरलेला आकडा आणि भोकाचा खरा व्यास यांत फरक पडतो, हेही लक्षात ठेवावे लागते. हाताने धार लावलेल्या ड्रिलच्या दोन्ही कडा सारख्या लांबीच्या नसतील, तर पाचचे ड्रिल सहज ५.१ किंवा ५.२ चे भोक पाडते. म्हणून मी आधी भंगारातल्या त्याच धातूच्या तुकड्यावर एक भोक पाडतो, व्हर्नियरने मोजतो आणि मगच कामाला हात घालतो.

तळ बंद असलेल्या भोकात खोलीचा हिशेब वेगळा लागतो. ॲल्युमिनियममध्ये १२ मिलिमीटर आटे हवे असतील, तर भोक १२ मिलिमीटर पाडून भागत नाही. टॅपचे टोक निमुळते असल्यामुळे तळाशी आटे अपुरे राहतात आणि किसालाही जागा लागते. मी किमान पाच पिचची खोली जास्त ठेवतो, म्हणजे एम६ साठी सुमारे १७ ते १८ मिलिमीटर. भिंत पातळ असेल आणि एवढी खोली शक्य नसेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या टॅपनंतर तिसरा, तळापर्यंत जाणारा टॅप चालवावा लागतो.

झाकणातले भोक हा याहून निराळा प्रश्न आहे. तिथे आटे नसतात, बोल्ट मोकळा जायचा असतो. एम६ साठी मानकानुसार ६.४, ६.६ किंवा ७ मिलिमीटर अशा तीन पायऱ्या आहेत. पंचाने खुणा करून हाताने पाडलेल्या चार भोकांना ६.४ पुरत नाही, चौथा बोल्ट अडतोच, म्हणून ६.६ घ्यावे. शक्य असेल तेव्हा मी झाकण आणि बॉडी क्लॅम्पने जखडून दोन्हीतून एकदमच ५.० चे भोक काढतो आणि नंतर फक्त झाकणाचे भोक ६.६ पर्यंत वाढवतो; भोके जुळतील की नाही ही चिंता त्यामुळे राहत नाही.

जुन्या यंत्रांवर काम करताना सुताची भाषा अजून कानावर येते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाव इंची बोल्ट ‘दोन सुती’. १८४१ साली इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी मांडलेल्या मानकाचे आटे ५५ अंशांचे असतात आणि पाव इंचाला पिच १.२७ मिलिमीटर येते, तर मेट्रिक आटे ६० अंशांचे असतात. दोन सुती टॅपला ५.१ चे भोक लागते, एम६ ला ५.० चे. भोके जवळपास सारखीच असल्याने गल्लत होते. एम६ चा बोल्ट दोन सुती आट्यांत थोडा फिरून अडतो, आणि जोर लावणारा माणूस दोन्हीचे आटे घालवतो. अशा वेळी आधी पिच मोजायचे दातेरी पट्ट्यांचे साधन, पिच गेज, लावावे. दोन सुती आटे पूर्ण गेलेच असतील, तर एम८ साठी ६.८ चे ड्रिल चालवता येते, कारण पाव इंचाचा बाहेरचा व्यास ६.३५ मिलिमीटर असल्याने जुन्या आट्यांचा मागमूस राहत नाही.

पंपाच्या बॉडीतला तुटलेला टॅप शेवटी स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून, काढून घेतला. ग्राहकाला सगळे सांगून, त्याच्या संमतीने, ते भोक ६.८ चे केले, त्यात एम८ चे आटे पाडले आणि झाकणाचे त्या जागचे भोक ९ मिलिमीटरपर्यंत वाढवले. उरलेल्या तिन्ही भोकांतून, नव्याने धार लावलेले पाचचे ड्रिल हाताने हळू फिरवून घेतले आणि मग टॅप पुन्हा चालवला.