रनिंग इन : ताम्हिणी, वेसवीची फेरी आणि कुंभार्लीमार्गे नव्या गाडीचे पहिले किलोमीटर

दसऱ्याला गाडी घेतली. बलेनो, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. हार झाला, नारळ झाला, टायरखाली लिंबं झाली, आणि चावी हातात देताना शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर आजकाल रनिंग इन वगैरे काही नसतं, बिनधास्त पळवा." मागच्या सीटवर बसलेल्या बाबांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. बाबांनी १९८६ साली नवी कोरी प्रीमियर पद्मिनी घेतली होती आणि ती पहिले कित्येक दिवस चाळीसच्या वर नेली नव्हती हे मी लहानपणापासून साधारण दोनशे वेळा ऐकलेलं आहे.

घरी येऊन मी मॅन्युअल उघडलं (हो, असे लोक असतात). त्यात रनिंग इनचं, म्हणजे नव्या गाडीला सुरुवातीचे काही किलोमीटर जपून रुळवण्याचं, रीतसर पान निघालं. पहिले ९६० किलोमीटर इंजिन जास्त रेस करायचं नाही, बराच वेळ एकाच स्पीडला चालवायचं नाही, वरच्या गिअरमध्ये रखडत न्यायचं नाही, आणि पहिले ३२० किलोमीटर तर जोरात ब्रेकही मारायचा नाही. हे ९६० काय विचित्र आहे असं वाटलं, मग लक्षात आलं की ते ६०० मैल आहेत आणि ३२० म्हणजे २०० मैल. थोडक्यात शोरूमवाला चूक. पण गंमत म्हणजे बाबाही पूर्ण बरोबर नव्हते, कारण त्या पानावर 'हळू चालवा' असं सरसकट कुठंच नव्हतं, स्पीड बदलत ठेवा असं होतं.

आता पुण्यात ऑफिसला जाऊन येऊन हे कसं करायचं? सिग्नल, पहिला, दुसरा, सिग्नल. एक्सप्रेसवेला नेलं तर उलटा प्रकार, एकदा पाचवा टाकला की तासभर पाय हलत नाही. म्हणून दिवाळी झाल्यावर तीन दिवसांचा बेत केला, मुद्दाम वाकडा रस्ता निवडून. मी, बायको, लेक आणि बाबा. निघताना मीटरवर ११८ किलोमीटर. आणि निघायच्या आधी बाबांनी मागच्या काचेला आतून एक ए-फोर कागद चिकटवला, जाड मार्करनं लिहिलेला : 'नवीन गाडी. रनिंग इन.' माझी लेक म्हणाली आजोबा प्लीज. आजोबा प्लीज वगैरे काही ऐकत नाहीत.

चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी. थंड इंजिन म्हणून पहिली पाचेक मिनिटं अगदी हलक्या पायानं, उभं करून गरम करायच्या भानगडीत पडलो नाही, चालत्या गाडीत ते लवकर आणि जास्त बरं गरम होतं. मुळशीच्या पाण्याकडेनं रस्ता छान वरखाली होतो, चाळीस, साठ, पुन्हा पन्नास, तिसरा-चौथा-तिसरा. हेच पाहिजे होतं. डोंगरावर गवत पिवळं पडायला लागलेलं, पावसाळ्यातली ती गर्दी आणि कणीस-भजीचे स्टॉल गायब, ताम्हिणी असा रिकामा मिळाला की नशीबच म्हणायचं. पलीकडं विळ्याकडे उतरताना खरी कसोटी ब्रेकची होती. नव्या ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला पकड थोडी कमी असते आणि उगीच दाबत राहिलं तर पॅड तापून चकाकतात. म्हणून दुसऱ्या गिअरला सोडून दिली, इंजिनच्याच जोरावर धरत, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा थोडा. टायरचंही तसंच, नवीन रबराला साच्यातून काढतानाचा बुळबुळीतपणा असतो, पहिले शंभरेक किलोमीटर जपूनच चालवावं. माझे ते होऊन गेले होते, तरी वळणावर मी म्हातारबुवासारखाच चाललो होतो.

माणगावला अपेक्षेप्रमाणे जाम. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्यावर अजून काय बोलणार. पण नव्या इंजिनला तासन्‌तास आयडलवर ठेवणं चांगलं नाही, आतमध्ये दाब तयार होत नाही आणि पिस्टनच्या रिंगा नीट बसायचं काम होत नाही, म्हणून दर वेळी रांग थांबली की मी इंजिन बंद करत होतो. एसीपण बंद. गाडीतल्या जनतेनं माझं जे कौतुक केलं ते इथं लिहीत नाही.

मग म्हसळा, श्रीवर्धन. श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता मला फार आवडतो, दोन्ही बाजूला चिऱ्यांची गडगी आणि वर उंच माडपोफळी. बाबांनी रोठा सुपारी घेतली. मुक्काम हरिहरेश्वरला एका घरगुती ठिकाणी. संध्याकाळी देवदर्शन करून खडकांतून प्रदक्षिणा केली, ओहोटी होती म्हणून, भरतीला तिकडं जायचंच नाही, लाट कधी ओढून नेईल सांगता येत नाही.

रात्री जेवताना बाबांशी वाद रंगला. त्यांचं म्हणणं, इंजिनला त्रास दिलाच नाही तर ते झिजणारच नाही. माझं म्हणणं, थोडं झिजलंच पाहिजे बाबा, त्यासाठीच तर हे सगळं. मी सांगत होतो की सिलिंडरच्या आतली भिंत काचेसारखी गुळगुळीत नसते, तिच्यावर होनिंग करून बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, त्या रेघांत ऑइल टिकतं आणि त्यांची टोकं पिस्टनच्या रिंगांना घासून घासून दोघं एकमेकांच्या मापाची होतात, आणि रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या मुख्यतः वरून येणाऱ्या गॅसच्या दाबानं, म्हणजे इंजिनवर लोड आला की. लोडच दिला नाही तर रेघा नुसत्या चकाकतात, वर ऑइलचा पापुद्रा भाजून बसतो, आणि मग ती गाडी जन्मभर ऑइल पीत बसते. बाबांना काही पटेना. तेव्हा घरच्या काकू सोलकढी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे पाट्यासारखंच की."

मी घास हातात धरून थांबलो. काकूंचं असं की त्यांच्याकडे मागच्या वर्षी नवा पाटा आणला. नव्या पाट्याला टाकीचे घाव ताजे असतात, त्याची कच जाईपर्यंत आधी तांदूळ वाटून टाकून द्यायचे, दोनतीनदा. लगेच खोबरं वाटायला घेतलं तर दाताखाली कच येते. आणि वाटताना नुसता वरवंटा फिरवून उपयोग नाही, अंगाचा जोर लागतो, पण दणादण आपटायचाही नाही. पुढे वापरून अगदीच गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं, मग पाथरवटाकडून परत टाकी लावून घ्यायची. मी एवढ्या वेळात जे सांगत होतो ते बाईंनी वाढता वाढता सांगितलं, कच म्हणजे ऑइलमध्ये येणारा सुरुवातीचा धातूचा बारीक चुरासुद्धा त्यात आला! बाबा म्हणाले, "हां, असं सांग ना मग." मी गप जेवलो.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट. सावित्रीच्या खाडीवरचा हा दहापंधरा मिनिटांचा प्रवास मला त्या सगळ्या समुद्रकिनाऱ्यांपेक्षा जास्त आवडतो. पण नव्या गाडीला फेरीचा उतार म्हणजे हाफ क्लचचा खेळ, आणि माझ्या पुढचा टेम्पो बरोबर मध्यावर थांबला. हँडब्रेक ओढला, टेम्पो हलल्यावर क्लच एकदाच नीट सोडून चढवली. तरी हलकासा जळका वास आलाच. पलीकडे उतरून बाणकोटचा किल्ला, मग केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. हा सगळा सागरी रस्ता म्हणजे अरुंद, गावागावातून, कोंबड्या-गुरं-शाळेची पोरं, तिसऱ्याच्या वर गिअर जातच नाही. भातं कापून झालेली, खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या. इथं एक चूक होते ती म्हणजे आळसानं चौथ्यातच तीसच्या स्पीडला गाडी रखडवणं, अॅव्हरेज वाढेल म्हणून. इंजिन गुरगुरतं, थरथरतं, आणि तेव्हा बेअरिंगांवर सगळ्यात वाईट भार येतो कारण आरपीएम कमी म्हणून ऑइलचा दाबही कमी. दापोलीच्या चढावर बाबा म्हणाले, "तिसरा टाक, ओरडतंय ते." मी म्हटलं काटा फक्त २७०० वर आहे, ओरडत नाहीये, बोलतंय. दुसऱ्यातच ठेवली.

दापोलीला सकाळी चांगलीच थंडी. सपाट जागा बघून, इंजिन गार असताना बाबांनी ऑइलची पट्टी काढली, स्वतःच्या रुमालानं पुसली, परत घातली, परत काढली, उन्हात धरून बघितली. पातळी जिथल्या तिथं. नव्या इंजिननं सुरुवातीला थोडं ऑइल खाल्लं तर त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण बघत राहायला पाहिजे, आणि हल्ली बघतं कोण. रुमाल मात्र कामातून गेला.

आणि मग कुंभार्ली. खेडवरून चिपळूण, तिथून पोफळी, आणि तिथून घाट वर कोयनेकडे. माझ्या मते पुण्याच्या आसपास राहणाऱ्या माणसानं रनिंग इनसाठी एकच रस्ता निवडायचा झाला तर हा निवडावा. चढ सलग आहे पण अंगावर येणारा नाही. वळणातून बाहेर पडताना दुसऱ्यात अर्ध्यापर्यंत अॅक्सिलरेटर, काटा २००० वरून ३००० पर्यंत येऊ द्यायचा, तिसरा टाकायचा, पुढच्या वळणाआधी पाय पूर्ण काढायचा. दाब, मग सोड. दाबताना रिंगा भिंतीला लागतात, सोडल्यावर आतल्या व्हॅक्यूमनं खालचं ऑइल थोडं वर खेचलं जातं आणि घासलेली जागा धुतली जाते. पूर्ण तळापर्यंत पाय मात्र एकदाही नाही. मागं एक उसाचा रिकामा ट्रक लागला होता, त्याला आधीच मी जड झालो होतो, त्यात तो कागद. वरती हेळवाकला चहाला थांबलो तर क्लीनर पोरगा खाली उतरून कागद वाचून विचारतो, "काका, हे रनिंग इन कुठल्या गावाला?" बाबांनी त्याला बसवून घेतलं आणि अख्खा पाटा-वरवंटा समजावून सांगितला. स्वतःचं असल्यासारखा! ड्रायव्हर शेजारी उभा होता, तो म्हणाला, बरोबर आहे, आम्ही पण इंजिन बांधलं की पहिले काही दिवस अर्ध्या मालावर चालवतो.

मालावरून आठवलं. नव्या गाडीत फार वजन भरू नये हे बाबांनीच तीन दिवस ऐकवलं होतं, आणि चिपळूणला मी पेट्रोल भरेपर्यंत त्यांनी डिकीत वीस नारळ, आमसुलं आणि दहा किलो तांदूळ टाकून घेतले होते. विचारलं तर म्हणे, "हे वजन थोडंच आहे, हे सामान आहे."

पाटण, उंब्रज, आणि आला हायवे. इथं बायकोनं चालवायला घेतली. कंटाळवाणा भाग, सगळं सरळ, हातापाशीच क्रूझ कंट्रोलचं बटण, आणि तेच दाबायचं नाही. तिनं आपली युक्ती काढली, प्रत्येक गाण्याला स्पीड बदलायचा. एक गाणं सत्तर, एक नव्वद, एक ऐंशी. साताऱ्यापर्यंत जमलं, पुढे खंबाटकीच्या बोगद्यानंतर ट्रॅफिकनं तो निर्णय आमच्या हातात ठेवलाच नाही. घरी पोचलो तेव्हा मीटर ७०४.

आता याचा नक्की उपयोग किती झाला? एकाच गाडीवरून खरं तर काहीच सांगता येत नाही. हल्लीच्या इंजिनांचं होनिंग पूर्वीपेक्षा खूपच सफाईदार असतं, रेघांची टोकं कारखान्यातच बरीचशी छाटलेली असतात, त्यामुळं पद्मिनीच्या काळाइतकी काळजी लागत नाही हे मला मान्य आहे. दुसरा गिअर आधी अडखळायचा तो आता लोण्यासारखा पडतो, ब्रेक चावायला लागलेत, एवढं मात्र हाताला कळतं. उरलेले तीनशे ऑफिस आणि एक सिंहगड यात संपले.

हजारला पहिली फ्री सर्व्हिस. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की ऑइल आता बदलत नाही, दहा हजार किंवा एक वर्ष. बाबा म्हणाले बदला, मी पैसे देतो, कच गेली पाहिजे. अॅडव्हायझरनं माझ्याकडं बघितलं, मी काकूंचे तांदूळ आठवले आणि म्हटलं बदला. गरज नसेलही. संध्याकाळी गाडी धुवून पुसून बाहेर आली, बाबांनी एक चक्कर मारली आणि मागच्या काचेपाशी थांबले. कागद नव्हता, धुताना कुणीतरी काढून टाकलेला. टेपचा चिकटा तेवढा राहिला होता.

"कुणाला विचारून काढला?" बाबांनी गाडी धुणाऱ्या पोराला विचारलं.