अठ्ठावीस-दीड

बाबांची सायकल १९९७ साली सुटली. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यातून पिंपरीच्या कारखान्यापर्यंत ते रोज सायकलने जायचे. एका सकाळी दापोडीच्या अलीकडे मागून एका मोटारसायकलचा धक्का बसला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण जिन्याखाली लावलेली सायकल आईने पुन्हा बाहेर काढू दिली नाही. मी तेव्हा सातवीत होते. बाबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. रविवारी सकाळी सायकल पुसायचे मात्र.

२०२३ च्या ऑक्टोबरात आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत पिट्सबर्गला होते. बाबांना गॅपवर न्यायचं हे मी त्यांचं तिकीट काढलं त्याच दिवशी ठरवलं होतं. गॅप म्हणजे ग्रेट ॲलेगनी पॅसेज. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत २४० किलोमीटरची वाट, आणि तिच्यावर मोटारीला मज्जाव. मधूनमधून गावातला एखादा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढाच काय तो गाड्यांचा संबंध. बहुतेक वाट चुनखडीचा बारीक कच पसरून दाबून बसवलेली आहे. त्यावरून चाक गेलं की एक सलग, हलकी करकर ऐकू येते. मला तो आवाज इतका आवडतो की मी कानात कधीच काही घालत नाही.

बाबांचं वय तेव्हा अडुसष्ट. म्हणून सगळी वाट न करता कनेल्सव्हिल ते कंबरलंड एवढाच टप्पा घेतला, तीन दिवसांत साधारण १४३ किलोमीटर. त्यांच्यासाठी सायकल भाड्याने घेतली. दुकानात त्यांनी आधी टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"हवा कमी आहे गं यात."

मी सांगितलं, इथे मुद्दामच कमी ठेवतात. टायर चाळीस मिलिमीटर रुंद, हवेचा दाब चाळीस पीएसआयच्या आसपास. दगडासारखी टणक हवा भरली तर खडीवर चाक उड्या मारतं आणि ते सगळे हादरे मनगटात येतात. थोडी मऊ ठेवली की टायर खड्याला पोटात घेऊन पुढे सरकतो. बाबांनी चाळीस मिलिमीटर बोटांनी मोजले आणि म्हणाले, "म्हणजे अठ्ठावीस-दीडच की." घरी येऊन मी पडताळून पाहिलं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ टायर खरंच चाळीस मिलिमीटरचा असतो. ज्याला इथे आता 'ग्रॅव्हल टायर' म्हणतात, त्या रुंदीच्या टायरवर बाबांनी वीस वर्षं नोकरी केली होती.

पहिल्या दिवशी कनेल्सव्हिल सोडलं आणि जंगल सुरू झालं. ओहायोपाइलपर्यंतचे सत्तावीस किलोमीटर एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाली यॉकगेनी नदी. मेपल लाल-केशरी झालेले, ओक तांबूस, त्यांच्या सावलीत रोडोडेंड्रॉनची गर्द हिरवी झुडपं. पलीकडच्या काठाने अजून मालगाड्या जातात. गाडी दिसायच्या बऱ्याच आधी भोंगा दरीभर घुमतो, आणि ती गेली की नदीचा आवाज पुन्हा वर येतो.

पहिले चार-पाच किलोमीटर बाबा वाटेच्या उजव्या कडेला चिकटून चालवत होते. दर मिनिटाला मान मागे वळवून बघायचे. मी काही बोलले नाही. एका ओढ्यावरच्या पुलानंतर त्यांचं मागे बघणं थांबलं. थोड्या वेळाने ते आपणहून मधे आले आणि माझ्या शेजारून चालवू लागले.

मग ते बोलायला लागले. हे मला फार सांगावंसं वाटतं. पुण्यात आम्ही बापलेक शेजारी शेजारी सायकलवर कधी गेलोच नव्हतो. लहानपणी मी पुढच्या दांड्यावर बसायचे, मोठी झाले तेव्हा सायकल जिन्याखाली गेलेली. इथे वाट दोघांपुरती रुंद, मागून गाडी यायची भीती नाही आणि समोरासमोर बसल्यावर येतो तसा अवघडलेपणाही नाही. पहिल्या पाळीला जाताना हॅरिस पुलावर हिवाळ्यात कसं धुकं असायचं, पाच-सहा जण कसे ठरवून एकत्र निघायचे, एका मित्राची चेन रोज कशी पडायची आणि सगळे कसे थांबायचे. मनगट मोडलं त्या दिवसाबद्दलही बोलले. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

ओहायोपाइलला आई आणि माझा नवरा गाडी घेऊन आले होते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. ती धबधब्याकाठी बसून खाल्ली आणि मुक्कामाला कॉन्फ्लुएन्सला गेलो. तिथे दोन नद्या आणि एक मोठा ओढा एकत्र येतात, गावाचं नावच संगम.

त्या रात्री पाऊस झाला. ओला कच राखाडी लेप होऊन चेनला बसतो. सकाळी बाबांनी जुन्या फडक्याने दोन्ही चेनी पुसून तेल सोडलं. मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपण चढतोय ना? मग जाणवत का नाही?" ही सगळी रेल्वेची कृपा आहे. कनेल्सव्हिलपासून पुढची वाट म्हणजे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा मार्ग, जो १९७५ साली बंद पडला. या बाजूने चढ शंभर मीटरला एक मीटरहूनही कमी आहे, कारण कोळशाचे डबे ओढणाऱ्या इंजिनाला त्याहून जास्त परवडायचा नाही. बाबा म्हणाले, "बोरघाटात सदतीसाला एक आहे. म्हणून तर कर्जतला मागून इंजिनं लावतात." मग कितीतरी वेळ आम्ही घाटांचीच गणितं करत होतो. गॅपवरचा सगळ्यात तीव्र चढ कंबरलंडच्या बाजूला, आणि तोसुद्धा सत्तावन्नाला एक.

रूळ उचलले तरी ती वाट कायमची तुटली नाही, याचं मला मोठं मोल वाटतं. ओहायोपाइलपासूनचा पहिला पंधरा किलोमीटरचा तुकडा १९८६ साली खुला झाला आणि अखंड वाट २०१३ साली. सत्तावीस वर्षं माणसं एकेक पूल, एकेक बोगदा, एकेक शेताची कड मिळवत राहिली. मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरी व्हायाडक्ट लागतो. ५८२ मीटर लांबीचा जुना रेल्वेपूल, तीस मीटर खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि चालू रेल्वेमार्ग. चहूकडे शेतं, लाल कोठारं, टेकड्यांवर पवनचक्क्या. बाबा पुलाच्या मधोमध उतरले आणि कठड्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. खाली मोटारी पळत होत्या. वर त्यांचा आवाज अगदी बारीक येत होता.

तिसऱ्या दिवशी मायर्सडेलहून तेरा किलोमीटरवर पूर्वेची जलविभाजक रेषा आली, ७२९ मीटर. लोणावळ्याहून शंभरेक मीटर उंच. इथून मागे पडलेलं पाणी नदीनदीतून मिसिसिपीला मिळून मेक्सिकोच्या आखातात जातं, पुढे पडलेलं पोटोमॅकमधून अटलांटिकला. बाबांना हे समजावावं लागलं नाही. सह्याद्रीच्या धारेवर पावसाचे दोन थेंब कसे वेगळे होतात, एक कोकणात आणि एक भीमेतून पार बंगालच्या उपसागरात, हे मला त्यांनीच शाळेत असताना शिकवलं होतं.

पुढे बिग सॅव्हेज बोगदा. जवळजवळ एक किलोमीटर लांब, आत दिवे, भिंतींचा गारवा. हिवाळ्यात पाणी गोठून आतलं बांधकाम फुटू नये म्हणून त्याचे दरवाजे बंद ठेवतात. आम्ही अगदी सावकाश गेलो. आत बाबांनी घंटी वाजवली, एकदा, मग पुन्हा. बाहेर पडताच समोर मेरीलँडच्या डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा. तिथून कंबरलंडपर्यंत नुसता उतार. तास-दीड तास पायडल फिरवायची गरजच पडली नाही. बाबा पुढे, मी मागे.

आई शेवटच्या खुणेपाशी उभी होती. बाबा उतरले, सायकल स्टँडला लावली, सवयीने सीटवरून हात फिरवला. आईने फक्त त्यांचं उजवं मनगट हातात घेऊन पाहिलं.

परत गेल्यावर दोन महिन्यांनी बाबांचा पहाटे फोन आला, त्यांच्या पहाटे. मागे काहीतरी खडखडत होतं. जिन्याखालची सायकल बाहेर काढली होती, नवे टायर-ट्यूब आणले होते. लोणीच्या पुढे कालव्याकडेच्या कच्च्या वाटेने जायचा विचार होता, तिथे गाड्या नसतात म्हणे. आई मागून सांगत होती, टोपी घ्या.

"तू तेव्हा हवा किती म्हणाली होतीस?"

"चाळीस, बाबा."

"चाळीस," ते म्हणाले, आणि फोन कानाशी धरूनच पंप मारू लागले.