पाटाच्या कडेनं रेव्हेलपर्यंत

आमचे अण्णा नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. त्यामुळे सायकल मी शिकलो ती कालव्याच्या भरावावर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मध्ये बाभळीच्या काट्यांनी भरलेली मुरमाची वाट. गेली सहा वर्षं मी दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहरात राहतो. इथं चाळीस मिलिमीटर रुंद टायरची महागडी ग्रॅव्हल (खडी-मातीच्या वाटांवरची) सायकल घेतली आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की पुन्हा भरावावरच आलोय.

भारतातून कुणी सायकलवाला आला की त्याला ‘कानाल दु मिदी’ हा कालवा हवा असतो. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर, युनेस्कोच्या यादीत, फोटो झकास. मी त्याला नावं ठेवत नाही. पण तुलूजकडचे पहिले पन्नासेक किलोमीटर सरळ डांबरी आहेत आणि रविवारी तिथं ढकलगाड्या, कुत्री, पळणारे, सगळी जत्रा असते. मी पाहुण्यांना सांगतो, कालवा राहू द्या, त्याला पाणी देणारा पाट बघा.

त्या पाटाचं नाव रिगोल द ला प्लेन, म्हणजे मैदानातली चारी. काळ्या डोंगरातून (मोंताञ नुआर) आलेलं पाणी पाँ-क्रूझेपासून नोरूझपर्यंत नेते, साधारण चाळीस किलोमीटर. नोरूझ म्हणजे कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून 189 मीटर. इथं पडलेल्या पाण्याचा एक वाटा अटलांटिककडे जातो, दुसरा भूमध्य समुद्राकडे. कालवा खणणं त्या मानानं सोपं, माथ्यावर पाणी कुठून आणायचं हा खरा पेच होता. तो पिएर-पोल रिके या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसानं सोडवला. 1665 साली त्यानं आधी चाचणीची एक अरुंद चारी खणून पाणी पोचतं का ते बघितलं. त्याच्या मदतीला पिएर काम्पमा होता, रेव्हेल गावचं पाणी सांभाळणारा. आमच्या भाषेत पाटकरीच की! पुतळे अर्थात रिकेचे आहेत.

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी सकाळच्या लोकल गाडीनं व्हिलफ्रांशला उतरलो. स्टेशनाजवळच्या बेकरीतून दोन शोकोलातीन, म्हणजे आत चॉकलेट भरलेल्या खुसखुशीत पेस्ट्री, घेतल्या. (पॅरिसवाले याला दुसरं नाव देतात. तुलूजमध्ये ते नाव घेऊ नये.) कालव्याच्या कडेनं तासाभरात नोरूझ. तिथून डावीकडे, झाडीतल्या वाटेला लागलो.

पहिल्या पाच मिनिटांत आवाज बदलतो. टायरखाली बारीक खडी, मग माती, मग वाळकी पानं. पाट जेमतेम दोन-तीन माणसं आडवी झोपतील एवढा. पाणी जिवंत आहे, पण घाई नाही. पाटाला उतार नेमका हवा तेवढाच द्यावा लागतो, म्हणून तो टेकडीला वळसे घालत समपातळीवर सरकतो. त्याच्या कडेची वाटही तशीच. चढ नाही, उतार नाही, फक्त वळणं. डोंगरात घाम गाळायची हौस असलेल्यांना हे मिळमिळीत वाटेल. मला नाही वाटत.

गाड्या का नाहीत, याचं उत्तरही त्या वळणांतच आहे. कुठल्याही गावाला जायला ही जवळची वाट नाहीच. जिथं डांबरी रस्ता आडवा येतो तिथं लाकडी अडसर, सायकल तिरकी करून काढायची. रेव्हेलपर्यंत एक ट्रॅक्टर आणि टपालाची पिवळी व्हॅन, एवढीच वाहनं दिसली. दोन्ही बाजूंना सूर्यफुलाची वाळून काळी पडलेली रानं, मान खाली घालून उभी. लांब टेकडीवर सँ-फेलिक्सचं देऊळ. शिकारीचा हंगाम सुरू झालेला, त्यामुळे अधूनमधून बार ऐकू यायचे. अशा दिवसांत मी भडक नारिंगी जाकीट घालतो, दिसायला कितीही वाईट दिसलं तरी.

आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि तिथं माझं चुकलं. लोरागे या इथल्या भागातली चिकणमाती रंगानं पिवळट, चिकटपणा मात्र आपल्या काळ्या रानाचा. लेंक्लाच्या तळ्याअलीकडे चाक आणि फोर्क यांच्यामध्ये तिचा असा गोळा बसला की चाक फिरेचना. काटकीनं खरवडत वीस मिनिटं गेली. पावसानंतर दोन दिवस थांबा, हे मी सगळ्यांना सांगतो. स्वतः थांबत नाही.

पाणी संपलं तर सोपा उपाय, दफनभूमी शोधा. फ्रान्समधल्या बहुतेक गावांच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो. वर ‘नाँ पोताब्ल’ (पिण्याजोगं नाही) लिहिलं असेल तर मात्र पिऊ नका. दुकानांच्या भरवशावर राहूच नका, दुपारी बारा ते दोन सगळं गाव कुलपात असतं.

रेव्हेलला साडेअकराला पोचलो. शनिवारचा बाजार तिथल्या चौदाव्या शतकातल्या लाकडी मांडवाखाली भरतो. चीजवाल्या आजींनी माझ्या पायांवरचा चिखल बघून विचारलं, “रिगोल?” मी मान हलवली. त्यांनी न मागता कागद दिला, हात पुसायला.

वरचं सँ-फेरेओल धरण 1672 मध्ये पुरं झालं, तेही बघायचं होतं. पण तोवर ओताँ सुटला. आग्नेयेकडून येणारा हा वारा माणसाला वेड लावतो असं इथले लोक म्हणतात. धरण पुढच्या खेपेला ठेवलं आणि आल्या वाटेनं पाण्याबरोबर परत निघालो. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास भरलं.

नोरूझला बसून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ झाली होती. कॅमेरा पाण्याकडे फिरवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“लायनिंग नाही केलेलं?”

“इथं तर दिसत नाही. मातीचंच आहे.”

“गाळ कधी काढत्यात?”

मोठा कालवा हिवाळ्यात रिकामा करतात तेव्हा, असं मी सांगितलं. त्यांना पटलं.

“आन् पाण्याची पाळी कोण लावतं?”

“पाळी नसते अण्णा. हे पाणी मुळात शेतीसाठी नाही, बोटींसाठी आणलंय.”

“बोटींसाठी?” ते हसले. मग आईला हाक मारली, “अगं, इकडं ये, बघ. एवढं पाणी आन् उसाचं एक टिपरू नाही!”