कमी पैशात फुजी: हट बुक न करता, दिवसाउजेडी वर आणि खाली

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा रूममेट फुजी करून आलो, डोंगरावर एकही रात्र न काढता. टोक्योत नवीन आलेली आपली मुलं भेटली की खर्च किती येतो हे हमखास विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या मुक्कामाच्या खोपट्यांत. एका रात्रीचे माणशी दहा-पंधरा हजार येन सहज होतात, आणि झोपायला जागा जेमतेम कूस बदलता येईल एवढी. मग पोरं काय करायची, संध्याकाळी बसने पाचव्या स्टेशनला उतरायचं (चढाईच्या वाटेवरच्या टप्प्यांना स्टेशन म्हणतात), रात्रभर जागून चढायचं आणि सूर्योदय बघून खाली यायचं. २०२३ ला मीपण हेच केलं होतं. आठव्या स्टेशनच्या वर गेलो आणि वारा असा सुटला की घामाने भिजलेला कॉटनचा टीशर्ट अंगाला बर्फासारखा लागायला लागला, दात वाजायचे थांबेनात, डोकं ठणकतंय, शेवटी तिथूनच परत फिरलो. आता योशिदा मार्गाचं, म्हणजे आम्ही गेलो त्या वाटेचं, गेट दुपारी २ ते पहाटे ३ बंद असतं, हटचं बुकिंग असेल तरच सोडतात. माझ्या मते हे फार बरं झालं.

म्हणून यावेळी सूर्योदयाचा नाद सोडला. आदल्या दिवशी टोक्योतल्या शिंजुकूहून हायवे बसने फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिकोला गेलो, तिथे हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये बेड घेतला, साडेआठलाच झोपलो आणि सकाळी पहिल्या बसने पाचवं स्टेशन, ज्याला इथे गोगोमे म्हणतात. हे २३०५ मीटरवर आहे, म्हणजे बस सोडते ती जागाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर वर. त्यामुळे उतरल्या उतरल्या धावत सुटू नका, तासभर तिथेच थांबा, हवा अंगवळणी पडू द्या. गेटवर ४००० येन भरावे लागतात, त्याला पर्याय नाही, ऑनलाइन आधीच भरून ठेवा कारण योशिदाला दिवसाला ४००० माणसांचीच मर्यादा आहे.

खाण्यापिण्यात मात्र भरपूर वाचतं. वर पाण्याची छोटी बाटली पाचशे येनच्या आसपास जाते, आम्ही माणशी तीन लिटर खालूनच नेलं. रूममेटच्या आईने पाठवलेले मेथीचे ठेपले, गूळ-शेंगदाणे आणि चिवडा, बास. चिवड्याचं पाकीट आठव्या स्टेशनपर्यंत फुगून उशीसारखं टम्म झालं होतं, हात लावला तरी फुटेल असं, तेव्हा हवा किती विरळ झालीय ते डोळ्यांना दिसलं. शंभर येनची नाणी खिशात ठेवा, टॉयलेटला प्रत्येक वेळी दोनशे-तीनशे लागतात. कचराकुंडी कुठेच नाही, सगळा कचरा परत आणायचा.

सातव्या स्टेशनला खडक लागतात, हात टेकवून चढावं लागतं, सह्याद्रीत फिरलेल्याला अवघड काहीच नाही. दम लागतो तो पुढे. तिथे वीस पावलं चालायचं, थांबायचं, मोठा श्वास बाहेर सोडायचा असं करत सहा तासांत तोरीखालून (देवळाची कमान) माथ्यावर पोचलो. ३७७६ मीटरचं खरं टोक, केंगामिने, विवराच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि पूर्ण चक्कर मारायला दीड तास लागतो. ढग भराभर वर येत होते म्हणून आम्ही ते सोडलं. वाईट वाटलं, पण परत गेलो तरी हेच करीन.

उतरायची वाट वेगळी आहे, नुसती लाल-काळी खडी, नागमोडी, संपतच नाही. बुटात खडे जातात म्हणून पँटच्या तळाला बुटावर टेप गुंडाळा, आणि धुळीसाठी मास्क हवाच. आता हे नीट वाचा: आठव्या स्टेशनजवळ सुबाशिरी या दुसऱ्या मार्गाची वाट फुटते, गर्दीच्या मागे मागे गेलात तर डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला उतराल. योशिदाच्या पाट्या पिवळ्या, सुबाशिरीच्या लाल. आम्ही दोघं तिथे उभे राहून मोठ्याने वाचून मगच पुढे गेलो.

पैसे वाचवू नका ते रेनकोटमध्ये. जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा हवा, विकत परवडत नसेल तर भाड्याने घ्या. आत कॉटन नको, आणि ऑगस्ट असला तरी एक गरम जॅकेट बॅगेत हवंच. हेडलॅम्पपण ठेवा, उतरताना अंधार पडला तर दुसरं काही कामाला येत नाही. जुलै ते १० सप्टेंबर एवढाच सीझन, त्याच्या बाहेर स्वस्त पडतं म्हणून जाऊ नका, हट बंद असतात आणि माणसं मरतात.

ज्यांना वरच्या बसचं तिकीटही वाचवायचंय त्यांच्यासाठी जुनी वाट आहे, फुजियोशिदाच्या सेंगेन देवळामागून जंगलातून पाचव्या स्टेशनपर्यंत, पाच एक तास चालत. पूर्वी बरेच यात्रेकरू तिथूनच जायचे. पण मग एका दिवसात होत नाही, हट घ्यावीच लागते. त्यासाठी मी आतापासून पैसे बाजूला टाकतोय.