कॅरोबचा नर आणि कॅरोबची मादी

सायप्रसमधले पहिले चार दिवस किनाऱ्यावरच्या गर्दीत गेले आणि त्यांच्याविषयी लिहावे असे काही हाती लागले नाही. लिहायचे आहे ते लिमासोल शहराच्या पश्चिमेला, डोंगरावरच्या अनोयिरा गावाबाहेर, ऑक्टोबरच्या एका सकाळी कॅरोबच्या, म्हणजे गोड शेंगा देणाऱ्या भूमध्य प्रदेशातल्या एका वृक्षाच्या, झाडांखाली घालवलेल्या तासाभराविषयी.

आदल्या दिवशीच्या सहलीत वाटाड्याने बस न थांबवताच, ज्या झाडांना शेंगा धरत नाहीत ती वांझ समजावीत, असे सांगून टाकले होते. झाडांविषयी असे धावते बोलणे मला खपत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत आले. रस्त्यालगतच्या बागेतल्या वयस्कर शेतकऱ्याला खुणांनीच माझा प्रश्न समजला आणि तो मला हाताला धरून एका मोठ्या झाडापाशी घेऊन गेला.

झाड दिसण्याआधी त्याचा वास आला. उग्र, आंबूस, जवळ उभे राहू न देणारा. तरी मधमाश्यांची मात्र तिथे झुंबड उडालेली होती. फणस जसा खोडाला लागतो, तशी कॅरोबची फुलेही खोडावर आणि जुन्या जाड फांद्यांवर बोटाएवढ्या तुऱ्यांनी फुटतात. फूल इतके बारीक, की डोळ्यांजवळ धरल्याशिवाय काही उमगत नाही, आणि त्याला पाकळ्या नसतातच. मी तुरा भिंगाखाली धरला: मधोमध मकरंदाची हिरवट चकती आणि तिच्या कडेने बाहेर झेपावलेले पाच पुंकेसर. बोटाला पिवळे पराग लागले. हा नर.

शेजारच्या झाडावरचा तुरा लांबून तसाच दिसत होता, पण त्यात पुंकेसरांची ती पसरण नव्हती. चकतीच्या मध्यातून एकच हिरवी, किंचित वाकडी कांडी वर आली होती आणि तिच्या टोकाला पराग झेलणारी दुभंगलेली कुक्षी होती. तीच कांडी पुढे जवळजवळ वर्षभर वाढून शेंग होते. त्याच फांदीवर तोडणीत राहून गेलेली काळी शेंग आणि यंदाचे फूल शेजारी शेजारी पाहताना मला फार आनंद झाला. काही झाडांवर दोन्ही अवयव असलेली फुलेही येतात, पण ती थोडी.

बियांपासून उगवलेले रोप नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्यासाठी काही वर्षे थांबावे लागते. म्हणून बागाईतदार मादीची कलमे बांधतात. ज्या झाडाला वाटाड्या वांझ म्हणाला, त्याच्या परागांवाचून आसपासच्या माद्यांना शेंगा धरणे अवघड, हे त्याने प्रवाशांना सांगायला हवे होते.

निघताना शेतकऱ्याने मादी झाडाच्या एका फांदीवरचा जुना, गाठाळलेला सांधा दाखवला. तिथे त्याने नराचे कलम बांधलेले होते, आणि तोच उग्र वास तिथूनही येत होता.